मदत हवी आहे : डव्हकॉट २.३ वरून २.४ वर जाताना कॉन्फिग कशी बदलावी?

नमस्कार. मी सांभाळत असलेल्या मेल सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम), पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारे सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (मेल साठवून वापरकर्त्यांना वाचायला देणारे सॉफ्टवेअर) आहेत, आणि सुरक्षेचे अपडेट रोज रात्री आपोआप बसतात. आता डेबियन १३ वर जायचे आहे. मात्र त्यात येणारे डव्हकॉट २.४ जुनी कॉन्फिग फाइल (सेटिंगची फाइल) जशीच्या तशी स्वीकारत नाही. सर्व्हरची प्रत काढून तिच्यावर प्रयोग केला, तेव्हा पोस्टफिक्स निमूटपणे सुरू झाले, पण फाइलीच्या आरंभी कॉन्फिगची आवृत्ती लिहिलेली नाही म्हणून डव्हकॉट अडून बसले. ती ओळ घातल्यावर पुढची तक्रार आली : मेल साठवण्याची जागा पूर्वी एकाच ओळीत सांगता येत असे, आता साठवणीचा प्रकार आणि मार्ग वेगवेगळे द्यावे लागतात. सीव्हच्या (आलेली मेल नियमांनुसार आपोआप लावणाऱ्या सोयीच्या) सेटिंग ज्या 'प्लगइन' विभागात होत्या, तो विभागच उरलेला नाही. (सीव्ह वापरणारे मोजकेच आहेत, पण पहिला फोन त्यांचाच येईल.)

ज्यांनी हा बदल केला आहे, त्यांनी जुनी फाइल ओळीओळीने दुरुस्त केली की कोऱ्या फाइलीपासून सुरुवात केली, हे कृपया सांगावे. डेबियन १२ चा एलटीएस (दीर्घ मुदतीचा) आधार जून २०२८ पर्यंत असल्याने तूर्त थांबणे सुरक्षेच्या दृष्टीने योग्य ठरेल का?