जेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाने तरुण राखीव खेळाडू स्वतः घडवावेत का?

धंतोलीकर (धागाकर्ते)

आपल्या नागपुरात रात्र जागून युरोपातील फुटबॉल सामने पाहणाऱ्या मंडळींमध्ये एक मत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. जेतेपदासाठी लढणाऱ्या संघाच्या बेंचवर अनुभवी खेळाडूच असावेत आणि एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरते उसने, दुसऱ्या क्लबकडे पाठवून द्यावे, असे ते मत. मला ते मान्य नाही. अव्वल संघाने दर मोसमात आपल्या अकादमीतील किमान दोन खेळाडू जवळ ठेवावेत, ते कोणत्या जागेवर खेळणार हे मोसम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे आणि त्या जागेसाठी तिशी ओलांडलेला राखीव खेळाडू विकत घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वी एका सामन्यात तीनच खेळाडू बदलता येत असत, तेव्हा कोचने तिसरा बदल दुखापतीसाठी राखून ठेवणे समजण्यासारखे होते. मे २०२० मध्ये कोविडमुळे तात्पुरती मिळालेली पाच बदलांची मुभा २०२२ मध्ये नियमात कायम झाली आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही २०२२-२३ पासून ती स्वीकारली. गोलरक्षक सोडला तर मैदानावरील निम्मा संघ आता बदलता येतो. शिवाय प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत २१ वर्षांखालील खेळाडू मोजले जात नाहीत, आणि युरोपातील अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्येही क्लबमध्ये दोन वर्षे सलग असलेल्या अशा मुलांसाठी वेगळी यादी असते. म्हणजे नियमांनी दार उघडून ठेवले आहे आणि तरीही कोच उंबरठ्यावर घुटमळतो.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाच्या मैदानावर काय चालते, ते या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ज्यांनी नव्वद मिनिटे खेळली ते सायकल, मालिश आणि हलके धावणे एवढ्यावर थांबतात. उरलेल्या आठ-दहा जणांकडून कोच छोट्या चौकोनात चार विरुद्ध चार खेळवून घेतो आणि नंतर पूर्ण वेगाच्या लांब धावा काढून घेतो, कारण सामन्यात पायांवर जो भार पडतो तो त्यांच्यावर पडलेला नसतो. अंगाची कसर अशी भरून निघते. पण पाठीवर धावून आलेला बचावपटू, एका गोलची आघाडी, सत्तरावे मिनिट आणि ओरडणारे प्रेक्षक यांपैकी काहीही त्या चौकोनात उभे करता येत नाही. जो मुलगा वर्षभर फक्त त्या चौकोनात खेळला, त्याला एप्रिलमध्ये अचानक मैदानात ढकलून तो चाचरला म्हणून "बघा, पोरांवर भरवसा ठेवता येत नाही" असे म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

उलट तयारी असली तर काय होते, ते २५ फेब्रुवारी २०२४ रोजी इंग्लंडच्या लीग कप या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दिसले. सालाह, नुन्येझ, सोबोस्लाई, ॲलिसन, अलेक्झांडर-आर्नोल्ड असे खंदे खेळाडू नसताना लिव्हरपूलने तरुण ब्रॅडलीला सुरुवातीपासून खेळवले, पुढे क्लार्क, मॅकॉनेल, डॅन्स आणि क्वान्सा या पोरांना उतरवले, आणि जादा वेळेत ११८व्या मिनिटाला व्हॅन डाइकच्या हेडरवर चेल्सीला हरवले. (आपल्यातील लिव्हरपूलवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये, मुद्दा क्लबचा नाही, पद्धतीचा आहे.)

---

कामठीकर

धंतोलीकरांनी मांडणी उत्तम केली आहे, परंतु उदाहरण त्यांच्या सोयीचे निवडले आहे. तो कपचा सामना होता, लीगचा नव्हे. त्याच मोसमात लीगमध्ये लिव्हरपूल मँचेस्टर सिटी आणि आर्सेनल यांच्या मागे तिसरे आले. शिवाय त्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल कोणी केला? बत्तीस वर्षांच्या कर्णधाराने.

जेतेपदाच्या शर्यतीत एका सामन्याची किंमत किती असते, हे आकड्यांतच पाहावे. २०१८-१९ मध्ये सिटीचे ९८ गुण झाले आणि लिव्हरपूलचे ९७. २०२१-२२ मध्ये ९३ आणि ९२. वर्षभराची मेहनत एका गुणावर टांगलेली असताना कोचने पोराला "अनुभव मिळावा" म्हणून उतरवायचे आणि त्याचा एक पास चुकीच्या पायावर जायचा, हा धोका कोणी पत्करायचा? कोचची नोकरी जाते. पोराचे वय हातात असते.

लोनविषयी धागाकर्त्यांनी जो नाराजीचा सूर लावला आहे, तोही मला पटत नाही. चेल्सीने कोर्त्वाला २०११ मध्ये घेतले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याला मुख्य गोलरक्षक पेत्र चेक याच्या मागे बेंचवर बसवण्याऐवजी तीन मोसम ॲटलेटिको माद्रिदला पाठवले. तेथे तो पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून खेळला, २०१३-१४ ची स्पॅनिश लीग जिंकला, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उतरला आणि परतला तो थेट चेकची जागा घेऊनच. टॉटनहॅमचा हॅरी केन लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर असा फिरून आला. बेंचवर गरम कोट घालून बसण्यापेक्षा चिखलात नव्वद मिनिटे खेळणे केव्हाही बरे.

---

धंतोलीकर

कामठीकरांनी २०१८-१९ चा हिशेब काढला, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. त्या मोसमात २० एप्रिल २०१९ रोजी सिटीने टॉटनहॅमला १-० असे हरवले. तो एकमेव गोल अठरा वर्षांच्या फिल फोडेनने पाचव्या मिनिटाला हेडरने केला, आणि प्रीमियर लीगमधील तो त्याचा पहिलाच गोल होता. ज्या एका गुणाचा धाक दाखवला जात आहे, तो गुण मिळवून देणाऱ्यांत घरचा राखीव पोरगाही होता.

फोडेनचे प्रकरण नीट पाहण्यासारखे आहे. सिटीचे कोच गार्दिओला यांनी त्याला २०१७ च्या नोव्हेंबरात चॅम्पियन्स लीगमध्ये उतरवले. लोनवर पाठवा म्हणून चहूबाजूंनी ओरड होत असतानाही त्याला जवळच ठेवले, आणि डेव्हिड सिल्व्हा २०२० मध्ये जाईपर्यंत त्याची मिनिटे हळूहळू वाढवत नेली. सिल्व्हाची जागा रिकामी होणार हे क्लबला ठाऊक होते आणि तिचा वारस कोण, हेही. २०२३-२४ मध्ये तोच मुलगा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कोर्त्वाचे उदाहरण बिनतोड आहे, परंतु ते गोलरक्षकाचे आहे, आणि गोलरक्षकाचे गणित निराळे असते. मधल्या फळीतील खेळाडूला आपल्या संघाची चाल अंगवळणी पडावी लागते: चेंडू गेल्यावर कोणी कोठे दाबायचे, कोणता पास सोडून द्यायचा, आघाडी असताना खेळ कसा थंड करायचा. बचावात बसून उंच चेंडू मारणाऱ्या संघात वर्षभर लोनवर खेळलेला मुलगा परत येतो तेव्हा दमदार झालेला असतो खरा, पण आपली भाषा विसरून आलेला असतो.

---

सीताबर्डी एक्सप्रेस

आपण दोघेही सिटीच्या गुणतालिकेत अडकला आहात आणि हिशेबवही कोणीच उघडत नाही. अकादमीतील मुलगा विकला की त्याची संपूर्ण किंमत त्या वर्षाच्या नफ्यात धरता येते, कारण त्याच्या खरेदीवर क्लबने काही खर्च केलेला नसतो. याउलट विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून लिहिली जाते. इंग्लंडमधील खर्चमर्यादेच्या नियमांमुळे घरचा मुलगा विकणे हा क्लबांचा सर्वांत सोपा मार्ग होऊन बसला आहे.

कोल पामर पाहा. सिटीने २०२३ च्या उन्हाळी खरेदी-विक्रीच्या मुदतीच्या अखेरीस त्याला सुमारे ४ कोटी पौंडांना चेल्सीला दिले आणि त्याने पहिल्याच लीग मोसमात २२ गोल केले. सगळे हळहळले. मात्र त्या वर्षीही लीग कोणी जिंकली? सिटीनेच, सलग चौथ्यांदा. मग तोटा नेमका कोणाचा झाला, हे धंतोलीकरांनी सांगावे. राखीव खेळाडू घडवणे हे अव्वल क्लबांसाठी संघबांधणीपेक्षा व्यापाराचे काम अधिक झाले आहे, आणि ही गोष्ट मला आवडत नसली तरी ती तशी आहे.

---

अजनीवाला

चर्चा इंग्लंडमध्येच फिरते आहे, म्हणून थोडे घरी यावे. इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५ च्या साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला २४ सामने आले. इंग्लंडमध्ये लीगचेच ३८, वर दोन कप आणि युरोप. तेथे दमलेल्या पायांमुळे पोराला संधी मिळते. येथे सामनेच कमी, त्यामुळे पहिले अकरा जण कधी दमतच नाहीत.

त्यात एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर असू शकतात, आणि बहुतेक क्लब त्यांपैकी एक-दोन जागा पुढच्या फळीवर खर्च करतात. परिणाम समोर आहे. २०२४-२५ मध्ये भारतीयांपैकी सर्वाधिक गोल चाळिशीतील सुनील छेत्रीने केले, १४ गोल, आणि आंतरराष्ट्रीय निवृत्तीतून त्याला परत बोलावावे लागले. छेत्रीचा सन्मान आहेच, परंतु त्याच्या मागे वीस ते पंचवीस वयाचा एकही आघाडीवीर क्लबांनी नियमित खेळवून तयार केला नाही, हे त्या आकड्याचे दुसरे टोक आहे. कामठीकर म्हणतात तशी लोनची शिडी येथे भक्कम नाही. खालच्या लीगमध्ये पाठवले तर सामने आणखी कमी आणि मैदाने आणखी वाईट.

आपल्या जिल्हा लीगमध्ये तरी वेगळे काय दिसते? जेतेपदाच्या आशेवर असलेले क्लब मोसमाच्या तोंडावर बाहेरून तयार खेळाडू आणतात, आणि जो मुलगा पावसाळाभर सरावाला सर्वांत आधी आला तो राखीव खेळाडूंचे बिब घालून रेषेवर स्ट्रेचिंग करत राहतो. ८७व्या मिनिटाला त्याला उतरवतात, तेही वेळ काढण्यासाठी. त्या तीन मिनिटांत चेंडूला त्याचा पाय दोनदा लागला तरी नशीब.

---

जामठा एंड

अजनीवाल्यांशी सहमत. जिंकणे आणि घडवणे एकत्र होऊ शकते, याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. २०२४-२५ चा रणजी अंतिम सामना जामठ्याला केरळविरुद्ध झाला. त्यात पहिल्याच मोसमात खेळणाऱ्या एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या आणि विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता झाला. दुसऱ्या टोकाला करुण नायरसारखा बाहेरून आणलेला अनुभवी फलंदाज होता म्हणून मालेवारची जागा गेली नाही. उलट दोघांनी मिळून डाव सावरला.

---

कामठीकर

जामठा एंड यांचा अभिमान रास्त आहे, पण उदाहरण येथे लागू पडत नाही. मालेवार राखीव खेळाडू नव्हता. तो अंतिम अकरात होता. येथे प्रश्न आहे तो बाहेर बसलेल्याचा. शिवाय फलंदाज पहिल्या डावात शून्यावर गेला तरी त्याला दुसरा डाव मिळतो. एकोणीस वर्षांच्या सेंटर बॅकने (मधल्या बचावपटूने) गोलरक्षकाकडे आखूड पास दिला, तर त्याच क्षणी चेंडू जाळ्यात असतो आणि दुरुस्तीचा डाव नसतो.

सीताबर्डी एक्सप्रेस यांच्या हिशेबाला धंतोलीकरांनी अद्याप उत्तर दिलेले नाही, याचीही नोंद व्हावी.

---

गोलपोस्ट

गोलरक्षकाचे गणित वेगळे, असे धागाकर्त्यांनी एका ओळीत उरकले. ते थोडे उलगडतो. गोलरक्षकाची जागा एकच असते, ती सामन्यागणिक बदलत नाही आणि पाच बदलांचा नियम त्याच्या काहीच उपयोगाचा नाही. म्हणून क्लब राखीव गोलरक्षकाला कपचे सामने देऊन टाकतात. लिव्हरपूलने केलेहरला असेच वाढवले. २०२२ च्या लीग कप अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआऊट ११-१० असा सुटला. त्यात केलेहरने स्वतः पेनल्टी मारून गोल केला आणि त्यानंतर चेल्सीच्या केपाची किक बारवरून गेली. २०२४ च्या ज्या सामन्यावरून हा धागा सुरू झाला, त्यातही गोलमध्ये तोच होता.

एवढे करून काय झाले? मुख्य गोलरक्षक ॲलिसन हलला नाही, क्लबने पुढच्यासाठी मामारदाश्विलीला करारबद्ध केले आणि २०२५ मध्ये केलेहर ब्रेंटफर्डला गेला. पंधरा-सोळाव्या वर्षापासून घडवलेला मुलगा दहा वर्षांनी दुसऱ्याच्या गोलमध्ये उभा राहिला. दुसरीकडे २००२ चा चॅम्पियन्स लीग अंतिम सामना पाहा: त्या मोसमात रिअल माद्रिदमध्ये सेसारने कासियासची जागा घेतली होती, सेसार ६८व्या मिनिटाला जखमी झाला, वीस वर्षांचा कासियास आत आला आणि त्याने शेवटच्या मिनिटांत लेव्हरकुसेनचे एकामागून एक फटके अडवून २-१ ची आघाडी राखली. एकाच्या नशिबी दुखापत समोरच्याची आली, दुसऱ्याच्या नशिबी हवी तेव्हा आली नाही. यात क्लबची दूरदृष्टी किती आणि योगायोग किती, हे मला ठरवता येत नाही. म्हणून राखीव गोलरक्षकाला वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर अडकवून ठेवू नये, एवढेच मी म्हणेन.

---

धंतोलीकर

गोलपोस्ट यांचे शेवटचे वाक्य मी जसेच्या तसे स्वीकारतो. गोलरक्षक माझ्या सूत्रातून वगळावा.

पामरबाबत: सिटीने २०२३-२४ ची लीग जिंकली, म्हणून पामर विकणे योग्य ठरत नाही. पुढल्याच मोसमात, २०२४-२५ मध्ये, सिटी तिसरी आली, मधल्या फळीतील रॉड्रीच्या दुखापतीनंतर संघाची घडी विस्कटली आणि जानेवारीत मध्येच मोठ्या खरेद्या कराव्या लागल्या. मुलगा विकून वहीत जो नफा दिसतो, तो पुढच्या खरेदीत असा परत जातो. पामर असता तर रॉड्रीची उणीव भरली असती, असा माझा दावा नाही. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. पण घरच्या मुलांनी भरलेला बेंच विरळ होत गेला की अशा वर्षी हात टेकावे लागतात.

अजनीवाल्यांच्या ८७व्या मिनिटाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. माझ्या मते राखीव मुलाला दिलेल्या एकूण मिनिटांपेक्षा तो कोणत्या मिनिटाला आणि कोणत्या गुणफलकावर आत गेला, हे महत्त्वाचे आहे. ३-० वर शेवटची तीन मिनिटे दहा वेळा देण्यापेक्षा १-० वर साठाव्या मिनिटाला तीनदा उतरवावे, आणि त्याच्या शेजारी संघातील सर्वांत बोलका, सर्वांत अनुभवी खेळाडू ठेवावा. एकाच सामन्यात दोन पोरे शेजारी-शेजारी नकोत. हे जिल्हा लीगमध्येही करता येते, त्याला पैसा लागत नाही.

---

कामठीकर

साठावे मिनिट, १-० ची आघाडी आणि शेजारी अनुभवी खेळाडू, ही अट विंगर किंवा मधल्या फळीतील खेळाडूपुरती असेल तर माझा विरोध बराचसा मावळतो. सेंटर बॅकसाठी मात्र मी ती मान्य करणार नाही. त्याला आधी लोनवर दोन मोसम खेळू द्यावे आणि मगच जेतेपदाच्या सामन्यात उभे करावे. मधली फळी चुकली तर तिच्या मागे बचावफळी असते, बचावफळीच्या मागे फक्त गोलरक्षक असतो, आणि गोलपोस्ट यांनी त्यालाही आताच ब्रेंटफर्डला पाठवून दिले आहे.