मदत हवी आहे: व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) जास्त कोर दिले तर ती आणखी मंद का झाली?

एका सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवायची सिस्टम) टाकून सहा व्हीएम चालवतोय. ८ कोर, हायपरथ्रेडिंग धरून १६ थ्रेड, ६४ जीबी रॅम. पाच व्हीएमना प्रत्येकी ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आहेत. सहावी पोस्टग्रेस डेटाबेसची, तिलाही आधी ४ च होते. रडतखडत चालायची म्हणून १२ केले, तर झालं उलटंच. साध्या क्वेऱ्याही आता अडकतात. तिच्या आत टॉप (सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) लावली तर युजर आणि सिस्टम मिळून ४० टक्क्यांच्या वर जात नाही, पण 'एसटी' नावाचा रकाना २०-२५ दाखवतो.

माझी समजूत अशी की व्हीटी-एक्समुळे (इंटेल प्रोसेसरमधली व्हीएमसाठीची सोय) गेस्टचा, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टमचा, कोड थेट प्रोसेसरवरच पळतो. मग मंद व्हायला जागा कुठे उरते? आणि प्रॉक्समॉक्स ज्यावर चालतं ते केव्हीएम हे टाइप १ (थेट हार्डवेअरवर चालणारं) की टाइप २ (दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालणारं) हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर? चार ठिकाणी चार उत्तरं वाचली.

डिस्क जुन्या मशीनवरून उचललेली, आयडीई (जुन्या पद्धतीची डिस्क-जोडणी) म्हणून जोडली आहे. संबंध असेल तर असावा म्हणून सांगून ठेवतो. 'व्हीएम सोडा, सरळ हार्डवेअरवर टाका' हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद १

थेट पळतो हे खरं, पण पळायला कोर मिळाला तर! व्हीसीपीयू म्हणजे कोर नव्हे. होस्टच्या (खऱ्या सर्व्हरच्या) लिनक्सच्या लेखी तो क्यूएमू (व्हीएमला हार्डवेअर भासवणारा प्रोग्रॅम) या प्रोसेसमधला एक थ्रेड. तुमचे असे ३२ थ्रेड १६ जागांसाठी भांडताहेत, आणि त्या १६ तही खरे कोर ८ च. एसटी म्हणजे स्टील टाइम: व्हीसीपीयूकडे काम होतं, पण होस्टने कोर दुसऱ्याला दिलेला होता, तो वेळ.

१२ केल्यावर बिघडलं त्यामागे बहुधा लॉक आहेत. पोस्टग्रेसच्या एखाद्या प्रोसेसने स्पिनलॉक (ज्याची वाट बघणारे न झोपता सतत तपासत राहतात असा लॉक) धरला आणि नेमका तोच व्हीसीपीयू होस्टने बाजूला काढला, तर गेस्टला त्याचा पत्ताही नसतो. बाकीचे त्या लॉकभोवती घिरट्या घालत कोर फुकट जाळतात. पोस्टग्रेसला ६, बाकीच्यांना २-२ करून बघा.

प्रतिसाद २

टाइपचा वाद मनावर घेऊ नका. केव्हीएम हे लिनक्स कर्नलचं मॉड्यूल आहे, २००७ च्या २.६.२० पासून कर्नलमध्येच. कर्नल स्वतःच हायपरवायझर होतो म्हणून कोणी टाइप १ म्हणतं, वर नेहमीचे प्रोग्रॅमही चालतात म्हणून कोणी टाइप २.

आयडीई मात्र नक्की काढा. गेस्टला वाटतं आपण खऱ्या कंट्रोलरशी बोलतोय. प्रत्यक्षात त्याच्या रजिस्टरला हात लावला की व्हीएम एक्झिट होतो (ताबा गेस्टकडून होस्टकडे जातो), आणि क्यूएमू कंट्रोलरचं सोंग वठवून उत्तर देतो. एका वाचनासाठी असे अनेक हेलपाटे. व्हर्टआयओमध्ये (खास व्हीएमसाठी बनवलेली जोडणी) गेस्ट आणि होस्ट मेमरीतली रांग वाटून घेतात. बऱ्याच विनंत्या रांगेत टाकून एकदाच हाक मारली की पुरतं. बदलण्याआधी व्हर्टआयओचे ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइलसिस्टम) आहेत ना ते बघा, नाहीतर बूटच होणार नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ६ आणि २-२ केलं, एसटी १-२ वर आला, क्वेऱ्या सुटल्या. व्हर्टआयओची सूचना शेवटपर्यंत न वाचता डिस्क बदलली आणि व्हायचं तेच झालं, बूट नाही. परत आयडीईवर आणून इनिटरॅमएफएस नव्याने बनवला, मग चाललं. आता एकच शंका: त्या पाचांपैकी एकीवर रात्री बॅकअप चालतो, तेवढ्यापुरता एसटी १० पर्यंत चढतो. तिचं सीपीयू युनिट्सचं वजन (कोरसाठी चढाओढ असताना मिळणारा वाटा) कमी करू, की सरळ मर्यादा घालू?

प्रतिसाद १

वजन कमी करा. मर्यादा घातली तर कोर रिकामे असले तरी ती अडूनच राहील.