शब्दचर्चा: मानसिक आजारांच्या संदर्भात ‘ससेप्टिबिलिटी’ला काय म्हणावं?

प्रश्न: मानसिक आजारांविषयीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. ‘जेनेटिक ससेप्टिबिलिटी’ला, म्हणजे जनुकांमुळे आजार होण्याची शक्यता जास्त असण्याला, ‘आनुवंशिक संवेदनशीलता’ म्हटलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं, पण मला ते खटकतंय. जनुकांतल्या ‘व्हेरिएशन’साठी दोष, बदल, उत्परिवर्तन यांतलं काय घेऊ? वाचणारे रुग्णांचे आई-वडील आणि भावंडं आहेत.

प्रतिसाद: ताई, ‘संवेदनशीलता’ नकोच. मराठीत संवेदनशील माणूस म्हणजे हळव्या मनाचा. घरचे आधीच म्हणत असतात, “पहिल्यापासून सगळं मनाला लावून घ्यायचा, म्हणून असं झालं.” तुमचं पत्रक नकळत त्यावर शिक्का मारेल.

मी ‘प्रवणता’ घेईन. पुस्तकी वाटला तरी ‘अवर्षणप्रवण तालुका’, ‘अपघातप्रवण क्षेत्र’ हे सगळ्यांच्या वाचनातले शब्द आहेत. अवर्षणप्रवण तालुक्यात दरवर्षी दुष्काळ पडतोच असं नाही, हेही वाचकाला ठाऊक असतं. ही ‘होऊ शकतं, होईलच असं नाही’ची छटा आपल्याला हवी आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला तो असेल तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं, म्हणजे नव्वदांना होत नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत जुळतात, तरी एकाला आजार असताना दुसऱ्यालाही झाल्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत निम्मं किंवा त्याहून कमी निघालं आहे. जनुकांबाहेरच्या गोष्टीही मोजाव्या लागतात. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात असलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं.

‘व्हेरिएशन’ला ‘दोष’ अजिबात नको. इथे आपल्या ‘पाठभेद’ या शब्दाचा आधार घ्या. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत एखाद्या ओवीतला शब्द वेगळा सापडतो, त्याला आपण पाठभेद म्हणतो, लगेच चूक म्हणत नाही. तसाच ‘जनुकभेद’. स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेल्या जागा जनुकसंचात 2014 च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 108 सापडल्या, 2022 मध्ये 287. त्या जागांवरचे बहुतेक भेद निरोगी माणसांतही सर्रास असतात, तुमच्या-माझ्यातही असणार. एकेका भेदाने धोका अगदी किंचित वाढतो. त्यामुळे ‘स्किझोफ्रेनियाचं जनुक सापडलं’ असा बातमीचा मथळा वाचला की मला फार वाईट वाटतं, कारण तो वाचून कुणाच्या तरी बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडतं.

‘उत्परिवर्तन’ हा शब्द नव्याने झालेल्या दुर्मीळ बदलांसाठी राखून ठेवा.

पुढचा प्रश्न: मग स्किझोफ्रेनियाची ‘हेरिटॅबिलिटी 80 टक्के’ याचं काय करू? ‘आनुवंशिकता 80 टक्के’ असं लिहिलं होतं.

प्रतिसाद: सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. ‘आनुवंशिकता 80 टक्के’ वाचून आई समजेल की आपला आजार दहातल्या आठ मुलांकडे जाणार. वर दिलेला आकडा तर शंभरात दहाच्या आसपासचा आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. हेरिटॅबिलिटी एका माणसाची नसतेच, ती समूहाची असते. एखाद्या समाजात कुणाला आजार होतो, कुणाला होत नाही. या फरकातला किती वाटा जनुकभेदांचा, एवढंच ती सांगते. नैराश्यात हा वाटा 40 टक्क्यांच्या जवळपास धरतात. एका शब्दात भाषांतर करायचा हट्ट सोडा आणि वाक्य लिहा: ‘हा आजार कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, या फरकात जनुकांचा वाटा मोठा आहे, पण आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही.’ दोन्ही पालकांना आजार असेल तर धोका बराच वाढतो, म्हणून तिथे ‘आई किंवा वडिलांपैकी एकाला’ असं स्पष्ट लिहा.

आणखी एक. ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ एकाच अर्थाने वापरू नका. 22 व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा काही मुलांत जन्मतः नसतो. अशांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाला मोठेपणी स्किझोफ्रेनिया किंवा तशा प्रकारचा आजार होतो. एकाच बदलाने धोका इतका वाढण्याची उदाहरणं फार थोडी आहेत. हा बदल जनुकीय आहेच, पण बहुतेक मुलांत तो आई-वडिलांकडून आलेला नसतो, नव्याने घडलेला असतो. तिथे ‘आनुवंशिक’ लिहिलं तर न केलेल्या गोष्टीचा ठपका आई-वडिलांवर येतो.

पुढचा प्रश्न: आमच्याकडे मोठी माणसं ‘खाण तशी माती’ म्हणतात. लोकांना कळावं म्हणून घालू का?

प्रतिसाद: नको. त्या म्हणीत ‘होईलच’ आहे, ‘होऊ शकतं’ नाही. ‘घराण्यात वेड आहे’ हेही टाळा. ‘घरात आधी कुणाला असा आजार झाला असेल तर धोका वाढतो, म्हणून झोप उडणं, माणसांत मिसळणं बंद होणं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असं सतत वाटणं, असं काही दिसलं तर लवकर डॉक्टरांना दाखवा’ इतकं साधं लिहा. आणि शब्द ‘आनुवंशिक’ असा लिहा, ‘अनुवांशिक’ नव्हे: अनुवंश + इक, जसं समाजाचं सामाजिक.