मदत हवी आहे: कुंडीतील झुकिनीची फळे कोवळी असतानाच गळतात

बाल्कनीत कुंडीत लावलेल्या झुकिनीला फळ दिसते, परंतु ते बोटाएवढे झाले की टोकाकडून पिवळे पडते, मऊ होते आणि देठापासून अलगद सुटते. या बाबतीत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

रोपे दोनच असून प्रत्येक रोप सुमारे ३० लिटरच्या स्वतंत्र कुंडीत आहे. मातीत कोकोपीट आणि भरपूर गांडूळखत आहे, पाण्याचा निचरा चांगला होतो आणि किमान सहा तास थेट ऊन मिळते. वाढ इतकी जोमदार आहे की पानांमुळे बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही. पानांच्या शिरांलगत चंदेरी ठिपके आहेत, पण ते बोटाने पुसले जात नाहीत; भुरी असती तर पांढरे पीठ बोटाला लागले असते. तेव्हा कृपया बुरशीनाशक सुचवू नये.

कॅल्शियमच्या कमतरतेची शक्यताही मला कमी वाटते, कारण तिच्यामुळे फळाच्या टोकाला काळपट, खोलगट आणि चामड्यासारखा डाग पडतो व तसा डाग येथे नाही. माझा संशय परागीभवनावर आहे. फुले पहाटे उमलतात, दुपारपर्यंत मिटतात, आणि इतक्या उंचावर मधमाशी क्वचितच फिरकते. नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे परागकण मादी फुलात लावण्याची रीत मला माहीत आहे. मात्र ज्या सकाळी मादी फूल उमलते, नेमके त्याच सकाळी नर फूल नसते. आदल्या दिवशीचे नर फूल फ्रिजमध्ये ठेवून वापरता येते का? शिवाय काकडीची नर फुले रोज मिळतात, त्यांचा काही उपयोग होईल का?

प्रतिसाद:

आपले निदान बरोबर वाटते. काकडीचे पराग चालणार नाहीत, कारण ती वेगळ्या प्रजातीची आहे; झुकिनीचाच दुसरा, अगदी पिवळ्या फळांचा वाण असला तरी चालतो, आणि त्यामुळे या फळाच्या रंगाचवीत फरक पडत नाही, फरक पडलाच तर त्याच्या बियांपासून उगवणाऱ्या पुढच्या पिढीत पडेल. सकाळीच खुडलेले नर फूल झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या सकाळी वापरून पाहता येते, पण पराग झपाट्याने क्षीण होत असल्याने त्यावर फार विसंबू नये. त्यापेक्षा जागा असेल तर तिसरे रोप लावणे बरे. पुढच्या खेपेस परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या वाणाचे बी मिळाले, तर ही सकाळची धावपळच उरणार नाही. तूर्त नत्रयुक्त खत थांबवावे, कारण त्याने पानेच माजतात. फळ धरले असेल तर दोन-तीन दिवसांत ते फुगलेले दिसेल. १५ ते २० सेंटीमीटर झाले की लगेच काढावे, कारण जून फळ वेलीवर राहिल्यास नवी फळे धरण्याचे प्रमाण कमी होते.