आइक आणि टीना टर्नरचा 'फील गुड' (१९७२): दुर्लक्षित फंक अल्बम की नुसती तालीम?

रेकॉर्डवेडी
आइक-टीना ही अमेरिकी नवरा-बायकोची जोडी म्हटलं की लोक त्यांचं 'प्राउड मेरी' हे गाणं लावतात आणि तिथेच थांबतात. १९७२ चा 'फील गुड' ऐकल्याशिवाय या जोडीबद्दल मत बनवू नये, असं मला मनापासून वाटतं. दहा गाणी, त्यातली नऊ एकट्या टीनाच्या नावावर. दहावं बीटल्सचं. बारा वर्षं जिला आवाज आणि नाच यापलीकडे कुणी मोजलं नाही, ती इथे स्वतः गाणी रचते आहे.

आणि फंक, म्हणजे ठेक्यावर उभं असलेलं कृष्णवर्णीय अमेरिकी नाचसंगीत! गायक जेम्स ब्राउननं १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'मध्ये सगळं वजन पहिल्या मात्रेवर टाकलं, गिटारला तालवाद्य केलं. ते वळण इथे अंगात मुरलंय. १९७० मध्ये याच जोडीनं फंक गायक स्लाय स्टोनचं 'आय वॉन्ट टू टेक यू हायर' गायलं होतं. दोन वर्षांत ती बोली टीनाची स्वतःची झाली.

समेवर
असहमत. नऊ गाणी लिहिली याचं कौतुक आहेच, पण त्यातली लक्षात किती राहतात? बरीचशी एकाच रिफवर, म्हणजे परत परत वाजणाऱ्या छोट्या सुरावटीवर, उभी राहतात आणि जागची हलत नाहीत. पुढच्याच वर्षीचं 'नटबुश सिटी लिमिट्स' ऐका. तेही टीनाचंच. टेनेसीतलं तिचं छोटं गाव, तिथलं चर्च, तिथली शाळा, खाली क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कीबोर्डचा खरखरीत ठेका. ब्रिटनमध्ये ते चौथ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत बाविसाव्या. 'फील गुड' ही त्याची तालीम.

रेकॉर्डवेडी
एका रिफवर उभं राहणं हा फंकचा दोष कसा? तो तर त्याचा बांधाच आहे. तबल्याच्या सोलोत नगमा, म्हणजे साथीची धून, तोच तोच वाजतो, त्याला कुणी कंटाळवाणा म्हणत नाही. कान असतो त्यावर काय घडतंय त्याकडे. इथे ते टीनाच्या गळ्यात घडतं. ओळ कुठे तोडते, कुठे नुसता हुंकार देते, ते ऐका.

समेवर
नगम्याची तुलना आवडली, पण ती पुरती लागू होत नाही. तबलजीला कायदा (विस्तार करायची बोलांची रचना) उलगडायला अर्धा तास मिळतो. इथे गाणं रंगात येईपर्यंत संपतं.

तिसरा माळा
मला हा अल्बम निवांतपणे ऐकताच येत नाही. त्याच सुमारास आइकनं लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडला स्टुडिओ काढला. त्याचं नाव 'बोलिक', टीनाच्या माहेरच्या बुलक आडनावावरून. नाव तिचं, किल्ली त्याची. घरात मारहाण चालू होती, हे तिनं पुढे स्वतः सांगितलं. जुलै १९७६ मध्ये डॅलसच्या हॉटेलातून ती पळाली तेव्हा खिशात ३६ सेंट होते. त्या काळातल्या अल्बमचं नाव 'फील गुड' वाचलं की पोटात कालवतं.

रेकॉर्डवेडी
तुमचं दुःख कळतं. पण म्हणूनच मी आग्रह धरते. हा आइकच्या करड्या शिस्तीतला बँड आहे, ते श्रेय त्याचं त्याला. शब्द मात्र तिचे आहेत. ते बाजूला ठेवले तर तिच्या हातून झालेलं कामही त्याच्याच खात्यात जमा होतं.

समेवर
काल रात्री पुन्हा पूर्ण ऐकला. 'ब्लॅक कॉफी' मी इतकी वर्षं हंबल पाय या इंग्रज बँडचंच समजत होतो. त्यांचं १९७३ चं, आणि मूळ हे, टीनाचं. कातडीचा रंग ती ज्या अभिमानानं गाते, ते त्यांच्याकडे येणं शक्यच नव्हतं. या एका गाण्यापुरता मी हरलो. उरलेल्या आठांबद्दल मत कायम.

रेकॉर्डवेडी
आठ नाही, सात. शीर्षकगीत हेडफोन लावून ऐका, फक्त बेस गिटारकडे लक्ष ठेवून. मग बोलू.