पहिला एसएलआर: चेहरा काळा, डोळे धूसर, रंग पिवळा. चूक शोधायची कुठे?

प्रश्न

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मी पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतला आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स वापरतो आहे. सुरुवातीचे दिवस ऑटो मोडवर काढले, आता ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर मी ठरवतो, शटर कॅमेरा ठरवतो) आलो आहे. ॲपर्चर (लेन्सचे छिद्र), शटर स्पीड (उजेड आत येण्याचा वेळ) आणि आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) यांचा त्रिकोण वाचून वाचून तोंडपाठ झाला आहे. पण फोटो बिघडला की त्यातले नेमके काय बदलायचे, हे काही केल्या उमगत नाही.

एक उदाहरण देतो. माझी सहा वर्षांची पुतणी खिडकीकडे पाठ करून गोष्टीचे पुस्तक वाचत बसली होती. दीडेक मीटरवरून ५५ मिमी, ॲपर्चर एफ/५.६, आयएसओ १०० असा फोटो काढला. कॅमेऱ्याने शटर १/६० सेकंद निवडले. चेहरा काळवंडला म्हणून आयएसओ १६०० केले, तरी चेहरा जसाच्या तसा काळा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे अक्षर न् अक्षर वाचता येते, डोळे मात्र धूसर आहेत. संध्याकाळी दिवा लावून त्याच जागी काढलेला फोटो पिवळाजर्द आला. पिवळेपणा घालवावा म्हणून व्हाइट बॅलन्समधला (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सोय) केल्विनचा आकडा ५००० वरून ७००० वर नेला, तर तो आणखीच वाढला.

लेन्स सदोष आहे का? की मॅन्युअल मोड शिकल्याशिवाय यातून सुटका नाही?

उत्तर १

लेन्सला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. तुमच्या एकाच फोटोत तीन स्वतंत्र तक्रारी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी जवळजवळ काही संबंध नाही, त्यामुळे त्या एकेक करून सोडवाव्या लागतील. मी फक्त एक्स्पोजरविषयी, म्हणजे फोटो किती उजळ किंवा काळा येतो त्याविषयी लिहितो, कारण आयएसओ वाढवूनही चेहरा काळाच का राहिला, या एका कोड्यात बरेच काही दडलेले आहे.

दुसऱ्या फोटोची माहिती उघडून शटर स्पीड पाहा. तो १/१००० सेकंदाच्या आसपास असेल. आयएसओ १०० वरून १६०० वर जाणे म्हणजे चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मे), आणि १/६० वरून १/१००० वर जाणे म्हणजेही चारच स्टॉप. ॲपर्चर प्रायॉरिटीमध्ये ॲपर्चर तुमच्या हाती आणि शटर कॅमेऱ्याच्या हाती असते. तुम्ही एका हाताने जेवढे दिले, तेवढेच कॅमेऱ्याने दुसऱ्या हाताने काढून घेतले, कारण फोटो किती उजळ असावा याबद्दलचे त्याचे मत तुम्ही बदललेच नव्हते.

हे मत येते कुठून? कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर मुलगी आहे की भिंत आहे, हे मुळात कळत नाही. दृश्यातला उजेड मोजून त्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणणे एवढेच त्याला येते. आजकालचे मीटर दृश्याचे अनेक भाग पाडून बरीच हुशारी करतात, पण मूळ स्वभाव तोच राहतो. एकदा करून पाहा: पांढऱ्या कागदाने सगळी चौकट भरून फोटो काढा, मग त्याच जागी काळे कापड ठेवून काढा. दोन्ही फोटो जवळजवळ सारख्याच करड्या रंगाचे येतील, आणि कागद इतका मळकट पाहून तुम्हाला थोडा धक्काही बसेल. तुमच्या फोटोतली लख्ख खिडकी मीटरने अशीच करड्याच्या दिशेने ओढली आणि तिच्यासोबत चेहराही अंधारात गेला.

उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजेच फोटो मीटरच्या मतापेक्षा उजळ किंवा गडद ठेवायला सांगणारे अधिक-उणे खुणेचे बटण. अशा दृश्यात अधिक १ स्टॉपपासून सुरुवात करून अधिक २ पर्यंत जाऊन पाहा. खिडकी पांढरी फटक पडेल, ती पडू द्या. एवढ्या तफावतीच्या उजेडात दोन्ही राखता येत नाहीत आणि तुम्हाला चेहरा हवा आहे. दुसरा मार्ग स्पॉट मीटरिंगने केवळ चेहऱ्यावरचा उजेड मोजण्याचा. मला स्वतःला सर्वांत आवडतो तो तिसरा: पुतणीला खिडकीशी काटकोनात बसवायचे. त्यात एकही बटण दाबावे लागत नाही.

कोणती गोष्ट करड्यापेक्षा किती उजळ ठेवायची, याची शिस्तशीर मांडणी ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास झोन पद्धतीत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजळपणाचे टप्पे पाडून) केली. तिच्यात मध्यम करडा पाचव्या झोनमध्ये असतो आणि पुढचा प्रत्येक झोन एक स्टॉप उजळ धरला जातो. संपूर्ण पद्धत आज शिकायलाच हवी असे नाही, पण समोरच्या वस्तूकडे पाहून ‘ही करड्यापेक्षा किती वर?’ असे विचारण्याची सवय मात्र लावून घ्यावी.

उत्तर २

फोकसविषयी मी लिहितो. फोटो धूसर आला की आधी धूसरपणाची जात ओळखावी. चौकटीत दुसरे काहीतरी तीक्ष्ण असेल आणि हवी ती गोष्ट नसेल, तर फोकस चुकला. काहीच तीक्ष्ण नसेल आणि सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर हात हलला. मागची भिंत स्वच्छ आणि माणूसच फराटल्यासारखा असेल, तर माणूस हलला. तुमच्या फोटोत पुस्तकाची अक्षरे वाचता येतात, म्हणजे निदान झालेच: फोकस पुस्तकावर बसला.

तसे होण्याचे कारणही साधे आहे. फोकस बिंदू निवडण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवले की तो बहुतेक वेळा सर्वांत जवळची आणि ठळक कडा असलेली वस्तू पकडतो. मुखपृष्ठावरची मोठी अक्षरे त्याला मेजवानीच होती. शिवाय ५५ मिमी, एफ/५.६ आणि दीड मीटर अंतर असा हिशेब केला, तर तीक्ष्ण दिसणारा पट्टा जेमतेम १६-१७ सेंटिमीटरचा निघतो, म्हणजे वीतभरही नाही. पुस्तक डोळ्यांच्या हातभर पुढे असेल, तर दोन्ही गोष्टी त्या पट्ट्यात मावणे शक्यच नाही.

म्हणून एकच फोकस बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. मधला बिंदू सहसा सर्वांत संवेदनशील असतो. तो डोळ्यावर नेऊन शटरचे बटण अर्धे दाबा, फोकस बसल्याचा इशारा मिळाला की बटण तसेच धरून चौकट जुळवा आणि मग पूर्ण दाबा. बसलेल्या माणसासाठी सिंगल ऑटोफोकस (एकदा बसलेला फोकस तसाच धरणारे) पुरते. मूल खोलीभर धावत असेल, तर कंटिन्युअस (सतत फोकस जुळवत राहणारे) वापरावे आणि बिंदू त्याच्यावर धरून राहावे. कोऱ्या भिंतीवर किंवा एकरंगी कापडावर फोकस बसत नाही आणि लेन्स नुसती पुढे-मागे फिरत राहते, हाही बिघाड नव्हे. तिला पकडायला कडा मिळत नाही, एवढेच.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला वर्षभर कळली नव्हती. व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून पाहतो त्या भिंगाच्या) शेजारी एक चिमुकले चाक असते, ते तुमच्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचे असते. लेन्सकडे लक्ष न देता आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. माझ्या कॅमेऱ्यात ते पिशवीत घासून फिरले होते आणि मी मात्र लेन्स बिघडली असे सर्वांना सांगत सुटलो होतो.

उत्तर ३

केल्विनच्या आकड्याने भल्याभल्यांना चकवले आहे. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९०० केल्विन, पिवळ्या दिव्याचा २७०० ते ३२००, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास आणि सावलीतला ७००० ते ८००० असतो. म्हणजे आकडा वाढतो तसा उजेड निळसर होत जातो. पण कॅमेऱ्यात ७००० लावल्यावर तुम्ही त्याला ‘येथे निळसर उजेड आहे’ असे सांगता आणि तो निळेपणा मारण्यासाठी पिवळा रंग मिसळतो. आकडा ३००० च्या आसपास आणला असता, तर काम झाले असते. ऑटो व्हाइट बॅलन्स दिव्याचा ऊबदारपणा पुष्कळदा मुद्दामच थोडा शिल्लक ठेवतो. अचूक रंग हवा असेल, तर त्याच उजेडात करड्या कार्डाचा फोटो काढून त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स ठरवावा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) ठेवली, तर हे सगळे नंतरही दर्जा न घालवता बदलता येते. जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फाइलमध्ये) तशी मोकळीक फारच थोडी असते.

मॅन्युअल मोडबद्दल माझे मत वरच्या दोघांना कदाचित रुचणार नाही. मी १९७६ साली बाजारात आलेल्या पेंटॅक्स के१००० वर शिकलो. त्यात मीटरची सुई मध्यावर आणण्याचे काम हातानेच करावे लागे, आणि त्यामुळे एक स्टॉप म्हणजे काय हे बोटांत मुरले. आठवडाभर तरी सगळे हाताने करून पाहावे.

उत्तर १

याला माझा विरोध नाही, पण एक धोका सांगून ठेवतो. मॅन्युअलमध्येही नवशिका त्याच मीटरची सुई निमूटपणे शून्यावर आणतो आणि चेहरा तितकाच काळा येतो. शून्यावर विश्वास कधी ठेवायचा नाही, हे कॉम्पेन्सेशनने आधी कळू द्यावे. मग मॅन्युअलचा आठवडा खुशाल काढावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या फोटोचा शटर स्पीड खरोखरच १/१००० निघाला. अधिक १.७ कॉम्पेन्सेशन देऊन मधला बिंदू डोळ्यावर ठेवला, तेव्हा पापणीचे केस मोजता येतील इतका फोटो स्वच्छ आला. खिडकी मात्र कोऱ्या कागदासारखी झाली. व्ह्यूफाइंडरचे चाकही फिरलेलेच होते! आता एकच शंका उरली आहे. संध्याकाळी ३००० केल्विनवर दिव्याच्या बाजूचा गाल ठीक दिसतो, पण खिडकीच्या बाजूचा गाल निळा पडतो. ५५०० केले, तर निळा गाल सुधारतो आणि दुसरा नारिंगी होतो.

उत्तर ३

तेथे दोन वेगवेगळ्या रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडत आहेत आणि व्हाइट बॅलन्सचा आकडा संपूर्ण चौकटीला एकच लागू होतो, त्यामुळे कोणत्याही आकड्याने दोन्ही गाल एकाच वेळी सुधारणार नाहीत. पडदा ओढून ३००० ठेवा किंवा दिवा मालवून ५५०० पासून वर जात पाहा. दिवा मालवल्यावर शटर मंदावेल. ५५ मिमीवर हातात धरून काढताना ते १/८० सेकंदापेक्षा मंद होऊ लागले, की हात हलल्याने फोटो धूसर होऊ नये म्हणून आयएसओ वाढवा.