सकाळचं भूमी-स्मरण शाळांनी बंद करावं का? (मिसिसॉगा-ब्रॅम्प्टन, कॅनडा)

खडूफळा: माझं मत, बंद करावं. ‘ही जमीन मूळ रहिवाशांची’ असं सांगणारं तेच वाक्य रोज राष्ट्रगीताच्या आगेमागे कानावर पडलं की महिन्याभरात त्याची पोपटपंची होते. निवासी शाळांची (जिथे मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवत) चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली ९४ आवाहनं केली. त्यातलं ६२ वं शाळांचं: निवासी शाळा, मूळ रहिवाशांशी झालेले जमिनीचे करार आणि त्यांचं योगदान बालवाडी ते बारावी सक्तीने शिकवा, आणि तो अभ्यासक्रम त्यांच्या सल्ल्याने बनवा. यात ३० सप्टेंबरला मुलांनी घालायचा नारिंगी शर्ट कुठे आला?

उंबरठा: ८० वं आवाहनही वाचा. सत्य आणि समेटासाठी राष्ट्रीय दिवस त्यातच मागितला होता. २०२१ पासून तो ३० सप्टेंबरला पाळतात. नारिंगी शर्टाचा दिवस २०१३ पासूनचा. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांच्या असताना आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला. पहिलीतल्या मुलाला यापेक्षा सोपं कसं सांगणार? फक्त शर्ट घेताना चित्र मूळ रहिवासी कलाकाराचं आहे का आणि पैसे कुठे जातात, एवढं विचारा.

नवाखुळा: आपण परवा आलो. पाप ब्रिटिशांचं, प्रायश्चित्त आपल्या पोरांनी का करायचं?

उंबरठा: प्रायश्चित्त कोण मागतंय? प्रश्न कराराचा आहे. ब्रॅम्प्टन आणि मिसिसॉगाचा उत्तरेकडचा भाग अजेटन्स कराराखाली येतो, म्हणजे १८१८ चा करार क्रमांक १९: ६,४८,००० एकर, बदल्यात वर्षाला ५२२ पौंड १० शिलिंगांचा माल. शेजारच्या टोरंटो खरेदीची कथा तर आपल्या सातबाऱ्याच्या भानगडींना लाजवेल. १७८७ चं खरेदीखत कोरंच निघालं, म्हणून १८०५ मध्ये १० शिलिंग देऊन पुन्हा करार झाला, आणि अखेर २०१० साली १४.५ कोटी डॉलरवर तडजोड. घर घेताना आपण टायटल तपासतोच ना?

खडूफळा: मग हेच शिकवा! स्मरण वाचणाऱ्या मुलाला करार १९ नकाशावर दाखवता येत नसेल तर वाचून उपयोग काय? ऑन्टारियोत नोव्हेंबरच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात करार-सप्ताह असतो. तेव्हा प्रत्येक वर्गाने शाळेभोवतीची हद्द आखावी आणि स्मरणाचं वाक्य स्वतः लिहावं. तसं लिहिलेलं वाक्य महिन्यातून एकदा वाचलं तर माझी हरकत नाही.

पाटीपेन्सिल: दोघंही मूळ रहिवासी ज्येष्ठांना शाळेत बोलावण्याबद्दल गप्प आहात, आणि खरा घोळ तिथेच होतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या शाळा एकदम फोन करतात. तारीख वसंतातच ठरवा, किंवा सरळ फेब्रुवारीत बोलवा. अनिशिनाबे (इथला एक मूळ रहिवासी समाज) ज्येष्ठांना तंबाखू विनंती करतानाच देतात, कार्यक्रमानंतर नव्हे. (शाळेत तंबाखू म्हटल्यावर पालक दचकतात. ती ओढायला नसते.) उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट पाहुण्यांची ही प्रथा नाही, म्हणून आधी विचारा. मानधन त्याच दिवशी हातात द्या. निवासी शाळेतून बचावलेल्यांना ‘तुमच्यावर काय बेतलं ते सांगा’ असं फर्मावू नका. काय बोलायचं ते त्यांना ठरवू द्या. आणि त्याच दुपारी कागदी पिसांचे मुकुट करायला घेऊ नका.

नवाखुळा: मानधनाचे पैसे कुठून आणायचे?

पाटीपेन्सिल: स्कूल कौन्सिलकडून. तिथे पालकांचं बहुमत असतं आणि निधीही उभारता येतो. २०१८ मध्ये प्रांत सरकारने मूळ रहिवासी विषयांवरची अभ्यासक्रम-लेखनाची सत्रं ऐनवेळी रद्द केली, त्यामुळे वरून येईल म्हणून थांबू नका. पिझ्झा लंचच्या पैशातून दोन भेटींचं मानधन आधी बाजूला काढा.

खडूफळा: हे मान्य. रोजच्या वाचनाला विरोध मात्र कायम.